हात लावून सांगा

टायरच्या धंद्यातले अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून द्या, असं सांगायला संपादक दुकानात आले तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "समोरच्या दुकानात विचारून आलात काय?" ते नाही म्हणाले. मग मी हो म्हटलं. आधी समोर जाऊन आले असते, तर त्यांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. माझा स्वभाव जळका आहे आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी तो लपवण्यात अर्थ नाही. माझी बायको सुलभा म्हणते, "तुमच्या दुकानात रबर कमी जळता नि तुम्ही जास्त जळता." तिचं म्हणणं मी मनावर घेत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

माझं दुकान कुवारबावला, हमरस्त्याला लागून. दोन शटर, एक कॉम्प्रेसर, दोन जॅक, टायर रिमवरून उतरवायच्या लोखंडी पट्ट्या आणि पंक्चर शोधायला पाण्याचा टब. पस्तीस वर्षांत भर पडली ती एका पंख्याची. गडी ठेवून पाहिले, पण माझ्या तोंडापुढे कोणी टिकलं नाही, म्हणून एकटाच असतो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध पंक्चरपुरताच येतो त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीत सगळ्यात जास्त काम करणारी वस्तू टायर आणि सगळ्यात कमी लक्ष जातं तेही टायरकडेच. इंजिनाचा आवाज जरा बदलला की माणूस घाबरतो. टायर बिचारा आवाज न करता झिजतो. चारी टायर मिळून जमिनीला टेकतात ती जागा केवढी? चार तळहातांएवढी. चार तळहातांवर तुमचं कुटुंब, सामान आणि हापूसच्या पेट्या. म्हणून टायर कसा झिजलाय ते वाचता आलं पाहिजे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी ठेवून गाडी चालवली. मध्येच झिजला असेल तर हवा जास्त मारली. एकच कड गेली असेल तर चाकं तिरकी धावतात. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळ कंपनीने चिकटवलेलं असतं. ते वाचणारा माणूस मला वर्षातून एखादा भेटतो.

हे सगळं डोळ्यांनी दिसतं, पण आमच्याकडे रीत हाताची. गिऱ्हाईक गाडी उभी करतं आणि म्हणतं, "गजाभाऊ, जरा हात लावून सांगा." लांबच्या प्रवासाला निघायचं असलं, लग्नाला, देवाला, मुंबईला, की आदल्या दिवशी गाडी माझ्याकडे येणार. मी खाली बसणार, चारी टायरांवरून अंगठा फिरवणार, बाजूची भिंत दाबून बघणार, नक्षीच्या खाचेत नख घालणार आणि उठून म्हणणार, "जावा बिनधास्त," नाहीतर, "ह्यो डावा फुडचा बदला." पुन्हा कोणी कुठे विचारायला जात नसे. हात लावायचे मी पैसे घेत नाही. माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, तेही घेत नसत.

हे असं तीस वर्षं चाललं आणि मग समोरची आली.

तिचं नाव माधवी. मी घरात आणि दारात ‘समोरची’ म्हणतो. चिपळूणची. तिच्या वडिलांचं तिथे टायरचंच दुकान होतं, ते वाशिष्ठीच्या पुरात गेलं. वडील त्यानंतर गल्ल्यावर बसले नाहीत, म्हणून हिने रत्नागिरीत, माझ्या दुकानासमोरच, नवं काढलं. नवरा बँकेत, सारखा बदलीवर. दुकान ही एकटी चालवते. पुराचं ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण महिनाभरात दुकानाच्या दर्शनी भागाला काच लागली, काचेआड थंड हवेची खोली, तिथे सोफा आणि बटण दाबलं की कॉफी. मग चाकं सरळ धावतात का ते बघायचं अलाइनमेंटचं मशीन आलं. गाडी उभी केली की पडद्यावर चारी चाकं लाल-हिरव्या रेघांत दिसतात. लाल रेघ हिरवी होईपर्यंत गिऱ्हाईक पडद्यापुढून हलत नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक स्टुलावर बसून माझी पाठ बघतं.

मी तिच्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजायला लागलो. सकाळी किती, दुपारी किती. त्यात ओळखीच्या किती. ओळखीची गाडी वळली की मी हातातलं काम टाकून बघत राहायचो. एकदा एक पांढरी स्कूटर आत गेली. नवा मागचा टायर घालून बाहेर आली तेव्हा वर आमची सुलभा बसलेली.

"घरचं दुकान सोडून तिकडे कशाला गेलीस?"

"तुमच्याकडे टाकली तर आठ दिस पडून ऱ्हाते. ‘घरचा हाय, बघू मग’. तिनं पंधरा मिनिटात करून दिली. कॉफी पन दिली. बाई चांगली हाय वो."

चांगली आहे, हेच तर मला नको होतं. वाईट असती, लबाड असती, तर मी सुखाने झोपलो असतो.

मिरकरवाड्याचा एक मासळीवाला माझा जुना. त्याच्या पिकअपचं मागचं चाक रोज सकाळी बसलेलं असे. तीन ठिकाणी दाखवून झालं, टायर पाण्यात बुडवून झाला, पंक्चर मिळेना. माझ्याकडे आला. मी टायरला हातच लावला नाही, रिमला लावला. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून त्याच चाकावर गळायचं. रिमची कड गंजून खडबडीत झाली होती आणि टायर तिला नीट चिकटत नव्हता, म्हणून रात्रभरात हवा जायची. तारेच्या ब्रशने कड घासली, रंग दिला, टायर बसवला. वर्षभर चाकाने तक्रार केली नाही. त्याने मला दोन मोठे सरंगे आणून दिले आणि पुढच्या वेळी नवे टायर समोरून घेतले. का, तर तिथे एसी आहे. मी सरंगे खाऊन बसलो होतो, बोलायची सोय नव्हती.

एकदा मात्र तोंडावर आपटलो. दोनच टायर बदलायचे असले तर नवे पुढे घालायचे, ही माझी पस्तीस वर्षांची रीत. स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, म्हणजे चांगला माल पुढे. समोरची नवे मागे घालते असं कळलं. मी आठ दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगत होतो, "बाईला फुडचा नि मागचा कळत नाय." शेवटी एका एसटीच्या निवृत्त ड्रायव्हरने मला शांतपणे सांगितलं की पावसात पुढचं चाक घसरलं तर हाताला कळतं, वेग कमी करून सावरता येतं. मागचं घसरलं तर गाडी गोल फिरते आणि सावरायला काही उरत नाही. म्हणून जास्त नक्षीचे मागे. आपल्या पावसात हे पटायला हवं होतं. मला पटलं. तरी पुढचे सहा महिने मी नवे टायर पुढेच घालत राहिलो, कारण मागे घातले असते तर ते समोरचीला दिसलं असतं. गिऱ्हाइकाच्या जिवापेक्षा मला समोरची काय म्हणेल हे मोठं झालं होतं, आणि मला त्याची शरमही वाटत नव्हती. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तांबे सर मंडणगडकडच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत घर बांधून राहिले. त्यांची स्कूटर होती तेव्हापासून माझ्याकडे येतात. मी नमस्कार म्हणतो, ते जय भीम म्हणतात, आणि मग पाच मिनिटं माझ्या फळ्यावरचं शुद्धलेखन सुधारतात. मुलाने त्यांना लहान गाडी घेऊन दिली तिला आठ वर्षं झाली. गाडी चालते थोडी. भाजी, दवाखाना, विहारात कार्यक्रम, बस. बाकी वेळ अंगणात उभी. उन्हात.

अशा गाड्या आमच्याकडे फार. चाकरमानी गावाला गाडी घेऊन ठेवतात, गणपतीला आणि मे महिन्यात काढतात. टायरची नक्षी नव्यासारखी, आणि माणूस फसतो तो इथेच. रबर चालून झिजतं तसं उभं राहूनही म्हातारं होतं. ऊन, वारा, खारी हवा त्यातलं तेल शोषून घेतात. रबर कडक होतं, बाजूच्या भिंतीवर आणि खाचांच्या तळाशी केसाएवढ्या चिरा पडतात. टायरवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्यावरून जन्मतारीख कळते. पाच-सहा वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासायचा आणि चिरा दिसल्या की नक्षीकडे न बघता काढून टाकायचा. नव्या टायरचे पैसे देतानाही तो शिक्का वाचून घ्या, दुकानात पडून म्हातारा झालेला टायर गळ्यात मारणारे आहेत.

त्या दिवशी दुपारी सर आले ते जरा चिडूनच.

"गजानन, हवा भरायला म्हणून समोर गेलो होतो. इथे तुझ्याकडे रांग होती. त्या बाई म्हणतात, चारही बदला, स्टेपनीसकट. वीस हजारसुद्धा चालली नाही गाडी! नक्षी बघ. उद्या सकाळी कोल्हापूरला निघायचंय. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली. तू हात लावून सांग."

मी खाली बसलो. डावा पुढचा. अंगठा भिंतीवरून फिरवला आणि मला चीर लागली. एक नाही, ओळीने. सुकलेल्या चिखलाला पडतात तशा. खाचेत नख घातलं, तळाशी आणखी. शिक्का वाचला, आठ वर्षं होऊन गेलेली. उजवा पुढचा तसाच. मागचे थोडे बरे. समोरचीने सांगितलं होतं त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

मान वर केली तर ती पायरीवर उभी होती. कमरेवर हात ठेवून, रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघत. आता ती म्हणते, मी जरा उन्हासाठी डोळ्यांवर हात धरून गाडी गेली का बघत होते. असेल. मला त्या वेळी एवढंच दिसलं की ती माझी परीक्षा घेते आहे, आणि मी तिच्याच उत्तराची नक्कल करणार आहे. तीस वर्षांचं माझं गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं, आणि मी त्याला सांगायचं, की समोरच्या बाई बरोबर बोलल्या.

मी उठलो आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "काय वो सर! नवी नक्षी हाय. कोनी सांगितला बदलायला? अजून दोन वरसा हात लावायची गरज नाय. जावा बिनधास्त!"

सरांचा चेहरा मोकळा झाला. "मला वाटलंच. धंद्यासाठी काहीही सांगतात."

पुढचं तर लिहायलाच नको वाटतं. माझ्याकडून निघणाऱ्या गाडीच्या टायरांना काळं पॉलिश मारायची माझी पद्धत आहे, शोभेची. त्या दिवशी मी चारी टायरांना दोन हात जास्त मारले. चिरा बुजल्या. टायर शोरूममधून निघाल्यासारखे चमकत होते. सर गेले तेव्हा समोरची आत गेलेली होती आणि मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभाने चहा ठेवता ठेवता सांगितलं, "काल बाजारात तांबेबाई भेटल्या. ऑपरेशनला जातायत. घाबरल्या होत्या वो, डोल्यापेक्षा त्या घाटाला. म्हनाल्या, समोरच्या ताईंनी टायर खराब म्हनून सांगितल्यावर रात्रीची झोप गेली असती, पन गजाभाऊंनी हात लावून बघितला ना, आता भीती नाय."

मी कप खाली ठेवला.

"काय झाला? साखर नाय घातली?"

कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट. पावसाळा सरलेला, पण कडेची माती अजून रस्त्यावर येत होती. वळणांवर गाडीचा सगळा भार पुढच्या बाहेरच्या चाकावर येतो, आणि डाव्या पुढच्या टायरच्या चिरा माझ्या अंगठ्याला अजून लागत होत्या. ते टायर फुटलेच असते असं मी आजही म्हणणार नाही. आठ वर्षांचे टायर घाट चढून गेलेले मी पाहिलेत. न गेलेलेही पाहिलेत. ज्याला ठाऊक आहे त्याने ते सांगायचं असतं, आणि मी ते पॉलिशने झाकून पाठवलं होतं.

स्कूटर काढली आणि सरांच्या घरी गेलो. कुलूप. शेजारी म्हणाले, साडेसातला निघाले. फोन करावा तर माझ्याकडे नंबर नाही. पस्तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाचा नंबर लिहून ठेवला नाही. माझं गिऱ्हाईक माझ्या डोक्यात असतं, असं मी लोकांना अभिमानाने सांगत आलो. समोरचीकडे कोणी नुसती हवा भरायला गेला तरी नाव, गाडी, टायरची जन्मतारीख, नंबर, सगळं कॉम्प्युटरात जातं. यावरूनही मी तिची चेष्टा केली होती.

तसाच समोरच्या दुकानात गेलो. ती शटर उघडत होती. पाच वर्षांत मी तो रस्ता ओलांडला नव्हता. सोफ्याच्या खोलीत उभा राहिलो. घाम आलेला, आणि तो एसी अंगावर.

"मॅडम, तांबे सरांचा नंबर हवाय."

तिने माझ्याकडे बघितलं. "काय झालं?"

"टायर खराब होते. मला कळलं होतं. मी खोटं सांगितलं."

मला वाटलं आता ही बोलणार. चार गोष्टी सुनावल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. ती कॉम्प्युटरकडे वळली आणि बटणं दाबत म्हणाली, "मी काल संध्याकाळी त्यांना फोन केला होता. घाटात जाऊ नका म्हटलं. ते म्हणाले, ‘गजाननने हात लावलाय, आता विषय संपला.’ मी पुढे काय बोलणार?"

सरांचा फोन बंद होता. गाडी चालवताना ते फोन बंद ठेवतात, तत्त्व आहे त्यांचं. पण हिने तांबेबाईंचाही नंबर घेऊन ठेवला होता. तो लागला. साखरप्याला नाक्यावर चहाला थांबले होते. पुढे घाटच. समोरचीने फोन माझ्या हातात दिला.

"सर, गजानन. घाट चढू नका."

"का रे? रस्ता बंद आहे का?"

"रस्ता चालू हाय. टायर खराब हायत. काल मी खोटा बोललो."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"इथेच थांबतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या मापाचे टायर माझ्याकडे दोनच, तेही जुन्या तारखेचे. तिच्याकडे चार होते, तीन महिन्यांपूर्वीचे. तिने ते टेम्पोत टाकले, दुकान कामगारांवर सोडलं आणि स्वतः चालवायला बसली. मी माझ्या पट्ट्या आणि पाना घेऊन शेजारी बसलो. गाडी छान चालवते. तेही मला बघवलं नाही.

नाणीज मागे पडल्यावर तिनेच तोंड उघडलं.

"तुम्हाला माझा राग येतो ना?"

"राग नाय. जळतो मी."

ती हसली नाही. "मी पण जळते. माझ्याकडे मशीन आहे, तारीख आहे, कागदावर छापून देते मी. मापं घेऊन, आकडे दाखवून सांगते. लोक ऐकून घेतात, कॉफी पितात आणि रस्ता ओलांडून तुमच्याकडे येतात, गजाभाऊ हात लावा. माझे वडील असेच हात लावून सांगायचे. त्यांच्याकडूनच शिकले मी. पाच वर्षांत मला एकाने म्हटलं नाही, बाई, तुम्ही हात लावून सांगा."

पाच वर्षं मी तिच्या गाड्या मोजत होतो, आणि ती माझ्या. कोणालाही आनंद व्हावा अशी ही गोष्ट. मलाही झाला, थोडा. मग साखरपा जवळ आलं आणि सरांची गाडी दिसली, चमकत्या टायरांची.

नाक्यावर एक पंक्चरवाला आहे. त्याचा कॉम्प्रेसर आणि जॅक घेतला आणि टायर मी स्वतः उतरवले, हाताने. डावा पुढचा काढून रस्त्यावर ठेवला, त्यावर गुडघा रोवून दाबला. पॉलिशखालच्या चिरा उघडल्या. एकीत आतले धागे दिसत होते. सर माझ्या मागे उभे होते. तांबेबाई टपरीच्या बाकावर, एका डोळ्यावर रुमाल धरून.

सरांनी वाकून चिरेत बोट घातलं. बोटाला काळं पॉलिश लागलं ते त्यांनी बघितलं.

"गजानन, हे तुला काल कळलं नव्हतं?"

कळलं नव्हतं, असं म्हणायची ती शेवटची संधी होती. वय झालं, नजर कमी झाली, म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं.

"कळलं होतं, सर. अंगठ्याला लागलं होतं."

"मग?"

मी रस्त्यापलीकडच्या पायरीचं, कमरेवरच्या हातांचं काय सांगणार? "समोरच्या बाईंनी आधी सांगितलं म्हणून," एवढंच बोललो.

ते ओरडतील असं वाटत होतं. शाळेतला आवाज आहे त्यांचा, नाक्यावर सगळ्यांना ऐकू गेला असता. पण ते हळू बोलले. "हात चुकला असता तर चाललं असतं रे. हात सगळ्यांचा चुकतो."

मी चारी टायर बसवले. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळ लिहिलेली तेवढीच भरली, आणि कॉम्प्रेसरचा काटा चुकीचा असेल म्हणून तिच्या गेजने पुन्हा मोजली. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आवळले. स्टेपनीही बघितली, तीही म्हातारी झाली होती. चार टायर नवे असले तरी रस्त्यात ही लावायची वेळ आली तर हळू चालवा, परत आल्यावर तीही बदला, असं सांगितलं. बॅलन्सिंग राहिलं होतं, तेही बोललो. काहीही लपवलं नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नसेल.

बाई गाडीत बसल्या. सरांनी दार उघडलं आणि थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, चल, येतो गजानन. म्हणजे झालं गेलं संपलं.

ते माझ्यावरून पलीकडे बघत म्हणाले, "ताई, एकदा तुम्ही हात लावून सांगा. मग निघतो."

ती गडबडली. तिने माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झालो. मग तिने ओढणी खांद्यावरून मागे टाकली, खाली बसली आणि डाव्या पुढच्या टायरवर अंगठा ठेवला. घाई केली नाही. भिंत दाबून बघितली, खाचेत नख घातलं, व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येतो का पाहिलं. माझे वडील करायचे तसं. तिचेही करत असतील. चारी चाकं झाली. उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मी मेल्याने तेही बघितलं.

"जा सर, बिनधास्त," ती म्हणाली.

गाडी घाटाकडे वळून दिसेनाशी झाली. माझ्याच हातांनी बसवलेल्या टायरांवर. मी पाना धरून उभा होतो. तिच्या मशीनवर मी पाच वर्षं जळलो, सोफ्यावर जळलो, कॉफीवर जळलो. पण साखरप्याच्या नाक्यावर समोरचीचा काळा झालेला अंगठा बघून जसा जळलो, तसा पुन्हा कधी जळलो नाही.